गोलू आत, मी बाहेर

नातवाला गाडीत ठेवून मी फक्त एका सांडाला दोन शब्द सुनवायला खाली उतरलो होतो.

एवढंच. पुढचं सगळं सांडानं आणि नातवानं केलं. माझा त्यात हात नव्हता. (हात होता, पण तो दाराच्या हँडलवर होता आणि दार उघडत नव्हतं!)

आधी घरची परिस्थिती सांगतो, म्हणजे माझी दया येईल. आमची सून रिचा सोमवारपासून पुन्हा ऑफिसला जाणार होती. अकरा महिन्यांच्या गोलूला दिवसभर कुठे ठेवायचं, यावर विजय नगरच्या आमच्या घरात पंधरा दिवस चर्चा चालू होती. रिचाचं मत पाळणाघराकडे झुकलं होतं. माझ्या बायकोचं, सुनंदाचं मत रोज बदलत होतं. आणि मी एकटा छातीठोकपणे सांगत होतो, "पाळणाघर काहून? मी आहे ना!"

माझा हक्कच होता तसा. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं मी सेफ्टी विभागात काढली. नव्यानं भरती झालेल्या पोरांना उभं करून मी दीड-दीड तास भाषण द्यायचो. पोरं झोपायची, पण सुरक्षित झोपायची! अशा माणसाला एक अकरा महिन्यांचं बाळ सांभाळता येणार नाही?

रिचा यावर नुसतं "देखते हैं बाबा" म्हणायची. माहेर हिंदी असल्यामुळे तिचं मराठी घाईच्या वेळी हिंदीत जातं, आणि माझा विषय निघाला की तिला नेहमीच घाई असते.

त्या शनिवारी दुपारी आम्ही बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात निघालो. रिचाला ऑफिससाठी चार कुर्ते घ्यायचे होते. मुलगा ट्रेनिंगसाठी भोपाळला, त्यामुळे त्याची नवीन गाडी मी चालवत होतो. जानेवारीतलं ऊन, मस्त हवा. दुकानापासून शंभर पावलांवर एका गल्लीत, पानाच्या टपरीसमोर सावलीत जागा मिळाली. तोवर मागच्या सीटवर, आपल्या त्या पट्ट्यांच्या खुर्चीत गोलू गाढ झोपला होता.

"उचलू याला?" सुनंदानं विचारलं.

"झोपलेल्या लेकराला काहून उचलता? मी बसून राहिलो ना इथं!"

रिचा दारातच घुटमळली. "बाबा, इसको अकेला मत छोड़ना हं. एक मिनिट पण नाही."

मला लागलं ते. मी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि भाषण सुरू केलं. बंद गाडीत हवा कशी तापते, मूल कसं घाबरतं, बेजबाबदार लोक कसे 'आत्ता येतो' म्हणून जातात. मी तिसऱ्या मुद्द्यावर आलो तेव्हा दोघी दुकानाच्या पायरीवर पोहोचलेल्या होत्या.

पहिली दहा मिनिटं आदर्श गेली. मग गोलू जागा झाला. त्यानं आईची जागा पाहिली, आजीची जागा पाहिली, मग मला पाहिलं आणि भोकाड पसरलं.

मी मागच्या सीटवर त्याच्या शेजारी जाऊन बसलो. टाळ्या वाजवल्या. मांजराचा आवाज काढला. (टपरीवाल्यानं मान वळवून पाहिलं.) खुळखुळा दिला, तो त्यानं माझ्या चष्म्यावर मारला. मोबाईल दाखवला, तो खाली फेकला. शेवटी मी गाडीची किल्ली त्याच्यासमोर धरली.

एकदम शांतता! गोलूनं किल्ली दोन्ही हातांत घेतली, तोंडात घातली आणि समाधानानं चघळायला लागला. मी स्वतःवर इतका खूश झालो की काय सांगू! म्हटलं, पाळणाघरवाल्यांना हे सुचलं असतं का?

तेवढ्यात सांड आला.

चांगला म्हशीएवढा सांड. गल्लीत दुसऱ्या सात गाड्या उभ्या होत्या, पण त्याला शिंग घासायला आमच्याच गाडीचा आरसा आवडला. खर्र... खर्र... मुलाच्या नवीन गाडीचा आरसा! मी काचेतून "हट, हट" केलं. सांडानं मला पाहिलं आणि दुसरं शिंग लावलं.

आता उतरायचं की नाही? मी विचार केला, शपथेवर सांगतो. म्हटलं, लेकराला एकटं सोडणं वेगळं आणि दार उघडं ठेवून, एक हात दाराला लावून बाहेर उभं राहणं वेगळं. याला एकटं सोडणं म्हणताच येत नाही! मी उतरलो.

"ए! चल हट! शरम नाही वाटत?" असं मी सांडाला म्हणालो. त्याला बहुधा वाटली, कारण त्यानं आरसा सोडला आणि तो माझ्याकडे निघाला.

गोलूला सांडापासून वाचवायला मी दार लावलं आणि स्वतःला वाचवायला गाडीभोवती पळालो. (हा क्रम लक्षात ठेवा. आधी नातू, मग मी. घरात कोणी लक्षात ठेवला नाही.) एक फेरी झाली. सांडाला कंटाळा आला आणि तो भाजीवाल्याकडे निघून गेला. मी धापा टाकत हँडलला हात घातला आणि आतून आवाज आला.

टिक.

गोलूनं किल्लीवरचं बटण चावलं होतं. चारही दारं बंद!

"गोलू बेटा, किल्ली दे." गोलू हसला. "गोलू, ते काळं-काळं दाब." गोलूनं किल्ली उंच धरून मला नीट दाखवली आणि परत तोंडात घातली. मोबाईल आत, खाली पायदानावर पडलेला. त्यावर 'रिचा' असं नाव चमकत होतं. तिला बहुतेक विचारायचं होतं की सगळं ठीक आहे ना.

टपरीवाला आला. त्याच्यामागे त्याची गिऱ्हाइकं आली. एक स्कूटरवाल्या बाई थांबल्या, हेल्मेट काढलं, आत वाकून पाहिलं आणि एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की अख्खी गल्ली जमली. "अरे, बच्चा अंदर बंद है! किसका बच्चा है ये?"

पन्नास डोळे इकडेतिकडे शोधायला लागले. मी थोडा मागे सरकलो.

"कैसे-कैसे लोग हैं! बच्चे को गाड़ी में बंद करके शॉपिंग करते हैं!" बाई म्हणाल्या.

आणि इथे मी जे केलं ते मला आजही सांगवत नाही. मी मान हलवली आणि म्हणालो, "सच में बहनजी, हद है!"

"ऐसों को तो थाने में बिठाना चाहिए!"

"बिल्कुल बिठाना चाहिए!" मी म्हणालो.

आमच्या घरी महिनाभर शर्यत लागली होती, की गोलू पहिला शब्द कोणता बोलणार. रिचा 'मम्मा' शिकवत होती, सुनंदा 'आजी', मुलगा फोनवरून 'पापा'. त्या क्षणी गोलूनं तोंडातून किल्ली काढली, गर्दीत मला हुडकून काढलं, माझ्याकडे बोट केलं आणि काचेआडून सगळ्यांना ऐकू जाईल असा आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला.

"आब्बा!"

गर्दी माझ्याकडे वळली. टपरीवाल्यानं शांतपणे दुजोरा दिला, "हाँ, यही हैं. बिल्ली की आवाज़ भी यही निकाल रहे थे."

बाईंनी मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. पण त्या बोलत असताना टिक झालं आणि दारं उघडली! मी पुढच्या दाराकडे झेपावलो, बाई म्हणाल्या "पीछे का खोलो," मी मागे वळलो, आणि टिक. परत बंद. दोन मिनिटांनी पुन्हा तेच झालं. या वेळी मी आणि टपरीवाला एकाच हँडलवर एकमेकांची बोटं सोडवत होतो. गोलू खिदळत होता. त्याला हा खेळ फार आवडला.

मला मात्र आता हसू येत नव्हतं. सावली सरकली होती आणि उन्हाची एक पट्टी पुढच्या काचेवर आली होती. हवा थंड होती, तरी चौतीस वर्षं जे मी दुसऱ्यांना सांगितलं ते सगळं मला एकदम आठवलं. गोलूचं नाकही जरा लाल दिसायला लागलं होतं. एकानं वीट आणली. "दादाजी, फोड़ दें?"

"फोड़ो," मी म्हणालो. "गोलूपासून दूरची. पुढची."

"रुको!"

रिचा होती. फोन उचलला नाही म्हणून ती दुकानातून धावतच आली होती, मागून सुनंदा, दोघींच्या हातात काही नाही. रिचानं माझ्याकडे पाहिलंही नाही. आत पाहिलं, एक श्वास घेतला आणि म्हणाली, "चार लोग चार दरवाज़े पकड़ो, और खींचते रहो. छोड़ना मत. भैया, आप ईंट लेके तैयार रहो. एक मिनट में नहीं खुला तो फोड़ देना."

मग ती काचेखाली लपली आणि एकदम वर आली. "भोsss!" गोलू खदखदला. परत लपली, परत "भोsss!" आनंदानं गोलूनं किल्ली कचकन चावली.

टिक! आणि चारही दारं एकदम उघडली. माझ्या वाट्याचं दार मी इतक्या जोरात ओढत होतो, की मी सरळ टपरीवाल्याच्या बाकावर जाऊन बसलो.

घरी येताना गाडी सुनंदाच्या भाषणानं चालली. "काहून उतरले तुम्ही? मी विचारून राहिली ना! सांडाशी काय नातं आहे तुमचं?" रिचा मागे गोलूला छातीशी घट्ट धरून बसली होती. मी मनातल्या मनात पाळणाघराची फी भरून टाकली.

विजय नगरच्या वळणावर ती हळूच म्हणाली, "आई, बाबांना नका बोलू."

मी आरशात पाहिलं. रिचाचे डोळे भरले होते.

"पिछले महीने मैंने भी छोड़ा था इसको. डेअरीच्या समोर. झोपला होता, म्हटलं दूध घेते आणि येते. लाईन में एक अंकल पैसे गिनते रहे, गिनते रहे... वापस आई तो सो ही रहा था. पण घरी येईपर्यंत मी दर सिग्नलला मागे वळून त्याला हात लावून पाहत होते. कोणाला सांगितलं नाही मी." तिनं नाक पुसलं. "इसीलिए उतरते वक्त आपको इतना बोलके गई थी, बाबा."

मग सुनंदा म्हणाली, "चलो, घरी चहा टाकते," आणि तिच्या भाषेत याचा अर्थ माफी झाली असा होतो.

सोमवारपासून गोलू दिवसभर घरीच असतो. त्याला सुनंदा सांभाळते. मी मांजराचा आवाज काढतो.

बाजाराचा नियमही आता ठरलेला आहे. गोलू आजीच्या कडेवर दुकानात जातो, किल्ली रिचाच्या पर्समध्ये जाते, आणि गाडीपाशी कोणीतरी हवं म्हणून मी आत बसून राहतो. काचा चार बोटं खाली करून देतात, जवळ पाण्याची बाटली ठेवतात, आणि अधूनमधून रिचा येऊन डोकावून जाते.

परवा एक अनोळखी आजीबाई चालता चालता थांबल्या. काचेतून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "अकेले छोड़ गए क्या?" त्यांनी कळवळून विचारलं, आणि पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून त्या चार बोटांच्या फटीतून आत सरकवला.

खरं सांगतो, मी घेतला. क्रीमचं बिस्किट होतं.