दुष्काळात पडून राहिलेली पेंड

धर्माबादचे सरकीचे व्यापारी गंगाधरराव यांनी मला फसवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण ते बाजारात उलटं सांगत फिरतात.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. लातूरच्या एका ऑइल मिल कंपनीला गंगाधररावांची दोन लाखांची सगळी सरकी तीन महिन्यांच्या उधारीवर हवी होती. कंपनी बुडणार तर नाही ना, हे विचारायला ते तिचा बॅलन्स शीट घेऊन नांदेडला माझ्याकडे आले. मी कंधारच्या आडतीतला मुनीम, शिकत शिकत कर सल्लागार झालेला.

"फी पाचशे," मी म्हणालो.

"लई होतंय साहेब. तीनशे घ्या."

माझं डोकं फिरलं. "तीनशे? मग सौद्यावर शेकडा एक द्या!"

"हाव, दिला," ते लगेच म्हणाले. दोन हजार पदरात पडले म्हणून मी खूश.

बॅलन्स शीट देखणा होता. आम्ही आधी करंट रेशो बघतो. हातातला माल, रोकड आणि येणं एका बाजूला, वर्षाच्या आत द्यायची देणी दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू दुप्पट असली की कंपनी धडधाकट. इथं बरोबर दुप्पट होती. पण मालातला मोठा भाग होता सरकीची पेंड. ती वजा केली तर देणीसुद्धा भागत नव्हती.

चाऱ्यावाचून जनावरं बाजारात निघालेली, आणि यांच्या गोदामात पेंड पडून?

मी लातूरला गेलो. चेअरमननी चहा मागवला. "नवा जिल्हा झालाय साहेब, आता लातूर पळणार बघा!"

"पळू द्या. मला शंभर पोती पेंड द्या. रोख. बाजारभावापेक्षा पोत्यामागं दोन रुपये जास्त."

त्यांनी कप खाली ठेवला. "पुढच्या महिन्यात या की."

"चार रुपये जास्त."

"न्हाई जमणार हो."

दुष्काळात रोख गिऱ्हाइकाला पेंड नाकारणारा माणूस एकच. ज्याच्याकडे ती नाही.

गंगाधररावांना सांगितलं, "पोतंभरही देऊ नका. दिवाळीपर्यंत कुलूप लागेल." दिवाळीच्या आठ दिवस आधी लागलं. माल दिलेले बाकीचे व्यापारी मिलच्या फाटकावर बसले होते. गंगाधरराव माझ्यासाठी पेढे घेऊन आले.

"पेढे राहू द्या. फी?"

"कशाची फी साहेब? शेकडा एक सौद्यावर होता. सौदा तर तुम्हीच मोडला!"

मी पेढ्यांचा पुडा ठेवून घेतला आणि त्यांना बाहेर काढलं. तेव्हापासून नियम केला: कंपनी बुडणार की तरणार हे सांगायची फी आधी आणि रोख.

पण तीच सरकी त्यांनी पुढं औशाला विकली, रोखीनं आणि चढ्या भावानं. तो सौदा नव्हता का? गंगाधरराव, चारचौघांत याचं उत्तर द्या.