बिनकल्हईचं ताट

शेलूबाजारात लोक म्हनत, प्रयागबाईपासून भाजी घेतली का भांडन फुकट भेटते. प्रयागबाई म्हनजे माह्यी सासू. मी कितीक वर्षं तिच्यासंगं टोपलं डोक्यावर घेऊन फिरली, म्हनून मले माहीत आहे, लोक खोटं बोलत नव्हते.

आमचा मळा गावाबाहेर, नाल्याच्या काठी. इंग्रजाचं राज होतं तवाची गोष्ट आहे. सासरे चंपतराव मोट हाकत, माह्या घरचे हिरालाल पानी वळवत, अन् आमी सासू-सुना भाजी तोडून घरोघर विकू. आता भाजीवालीनं कसं, भाजी द्यावी, पदरात जवारी घ्यावी अन् पुढच्या दारी जावं. माह्या सासूचं, बुडीचं, तसं नव्हतं. टोपलं उतरवायच्या आधीच तिचे सवाल सुरू. "काल काय रांधलं होतं? पोराईनं काय खाल्लं? तू काय खाल्लं?" शेवटच्या सवालाले बाया हसत. "आमाले काय, उरलं-सुरलं," म्हनत. तिथं बुडीचं माथं भडके.

"उरलं-सुरलं कुत्र्याले घालतात वं. तू लेकराची माय आहेस."

मंग ती तिथंच फतकल मारून बसे. शेवग्याचा कोवळा पाला भाकरीच्या पिठात मळ. चवळीच्या पाल्यात मूठभर मुंगाची दाळ टाक. भाजी आधी धू अन् मंग चिर, चिरून धुशील तर सारा कस पान्यात जाते. एखांद्या घरचं पोट्टं भाजीले तोंड वाकडं करे, तर त्याच्या मायले सांगे, "त्याले येगळं वाढू नको. बापाच्या ताटात बसव. बाप खाते ते पोरगं खाते." उन्हं डोक्यावर येत, टोपल्यातली मेथी सुकून जाये, माह्या पायाले मुंग्या येत, पन बुडी चुलीवर भांडं चढल्याबिगर उठत नसे. मले असा राग ये का टोपलं तिथंच आपटावं.

घरीही तिचा तोच कायदा. माह्यं लगन झालं अन् पहिल्याच सांजेले तिनं मले मरदाईच्या पंगतीत बसवलं. इकून सासरे, तिकून नवरा, मधात मी. शरमेनं मी पदर तोंडावर ओढून बसली. गावभर बोभाटा झाला, माळ्याची सून सासऱ्याच्या मांडीले मांडी लावून जेवते म्हने. बुडीले काहीच वाटलं नाही. "बोलू दे," म्हने. "बोलनाऱ्याचं तोंड दिसते, उपाशी सुनेचं पोट कोनाले दिसत नाही."

तर अशी बाई. तिचं तोंड बंद झालेलं मी एकाच घरी पाह्यलं. ते घर रज्जाकमियाँ कल्हईवाल्याचं.

रज्जाकमियाँ अन् त्याईचा पोरगा युनूस, दोघं बापलेक बाजारात भाता लावून गावाच्या भांड्याले कल्हई करत. रज्जाकमियाँची बाई अख्तरीबी, बुडीची जुनी मैतरीन. दोघी एकमेकीले नावानं बोलवत. अख्तरीबीले एक लेक होती, लतीफा, धनज गावाले देल्लेली. पहिल्या बाळंतपनाले ती मायकडे आली. मायलेकी एका मोठ्या तांब्याच्या ताटात जेवत. अख्तरीबीनं लेकीले जीव लावून खाऊ घातलं. तूप, अंडी, शोरबा, काही म्हनता काही ठेवलं नाही. अन् बाळंतपनात पोरगी अडली. लेकरूही गेलं अन् तीही गेली. दाई हात धुता धुता बोलून गेली, "चारून चारून गर्भ वाढवला, त्याले रस्ताच नाही राह्यला."

दाई बोलली अन् आपल्या घरी गेली. ते वाक्य मात्र अख्तरीबीच्या काळजात रुतून बसलं. तिनं ते ताट धान्याच्या कनगीमांगं टाकलं. त्याची कल्हई उडाली, तांबं उघडं पडलं, त्यावर हिरवा कळंक चढला. साऱ्या गावाच्या भांड्याले कल्हई करनाऱ्याच्या घरी ते एक ताट तसंच राह्यलं. साऱ्याईनं संगं बसून जेवाचा दस्तरखानही मंग कोनी मांडला नाही. रज्जाकमियाँ दुकानात जेवत, युनूस भात्यापाशी, अन् अख्तरीबी भिंतीकडे तोंड करून.

पुढं युनूसचं लगन झालं. सून आली किन्हीराजा गावची, सरवरी नावाची. गोड पोरगी, पन तिची माय लहानपनीच मेली होती, म्हनून बाळंतपन सासरीच होनार होतं. दिवस गेले तसं अख्तरीबीनं तिचं खानं कमी केलं. सातवा लागला तवा सकाळी अर्धी भाकर अन् सांजेले अर्धी, संगं दाळीचं पानी. भाकरीच्या दुरडीपाशी ती सोता राखन बसे. अख्तरीबी दुष्ट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. दुष्ट असती तर बुडीनं तिले उभी सोलली असती. भेव बसलं होतं बिचारीच्या मनात, अन् भेवाले काय बोलनार?

तरी बुडी बोललीच. "अख्तरी, पोरीची हाडं दिसून राह्यली."

"दिसू दे. जिती राहीन."

"आंगात ताकद नसली तर कळा कशा देईन ती?"

"माह्या लतीफाच्या आंगात ताकद होती," अख्तरीबी म्हने. "ती कुठी गेली, सांग."

बुडीनं टोपलं उचललं. रस्त्यानं मले म्हने, "जिजे, मले तरी कुठी माहीत आहे वं? तिचंच खरं असलं तर?" बुडीच्या तोंडून असं कधी आयकलं नव्हतं.

मंग एका सांजेले आमी सांबार, म्हनजे कोथिंबीर, द्याले त्याईच्या घरी गेलो. दिवस बुडून राह्यला होता. सरवरी विहिरीवरून पानी घेऊन आली, तर पायानं उंबरठा चाचपून राह्यली होती. बुडी जागीच थांबली. तिनं सांबाराची जुडी पुढं केली. सरवरीनं हात लांबवला, तो जुडीच्या बाजूनंच निघून गेला.

"दिवस बुडला का तुले दिसत नाही नं?" बुडीनं हळूच विचारलं.

सरवरीनं घागर खाली ठेवली अन् बुडीचे पायच धरले. "मावशी, अम्माले सांगू नका. आंधळी बहू कोन ठेवते? मले माय नाही, मी जाऊ कुठी?"

बुडीनं तिले शब्द देल्ला, सांगनार नाही. आनखीन काय करनार? पन घरी येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. रातांधळं कशानं येते हे तिनं गरवार बायाईत कितीदा पाह्यलं होतं. लेकरू मायच्या आंगातलं सारं ओढून घेऊन राह्यलं, अन् मायच्या पोटात काही पडून नाही राह्यलं. अन् ही पोरगी तसल्या डोळ्यानं दिवसाबुडी विहिरीवर जाते, चुलीपाशी बसते. बुडी म्हने, "लेकरू व्हायची वाट कायले पाहा? त्याच्या आधीच ही विहिरीत जाईन."

दुसऱ्या दिवशी ऐन दिवेलागनीले बुडी टोपलं घेऊन अख्तरीबीच्या आंगनात जाऊन बसली. मी संगं होतीच.

"घरी जात नाही का?" अख्तरीबीनं विचारलं.

"जाते. आज तू अन् सरवरी एका जागी बसून जेवा. तेवढं पाहते अन् जाते."

"मी कोनासंगं जेवत नाही, तुले माहीत आहे."

"माहीत आहे म्हनूनच बसली."

अख्तरीबी चिडली, नाही-नाही ते बोलली. बुडी हलली नाही. रज्जाकमियाँ दुकान बंद करून आले, मांगून युनूस आला, दोघंही दारातच थबकले. शेवटी कटकट मिटावी म्हनून अख्तरीबीनं फडकं अंथरलं, दोन थाळ्या ठेवल्या अन् सुनेले हाक मारली. सरवरी भिंतीले धरून धरून आली. बसता बसता तिनं आमच्या बाजूनं तोंड केलं. तिले सारं समजलं होतं. मले बुडीचा असा संताप आला. शब्द देल्ला होता नं? तोंडानं सांगनार नाही म्हनून काय असं चवाठ्यावर आनाचं?

अख्तरीबीनं अर्धी भाकर सुनेच्या थाळीत टाकली. आवाजावरून सरवरीनं हात नेला अन् तिले थाळी सापडली. एक घास खाल्ला. अख्तरीबी तिच्याकडे पाहून राह्यली होती. काय मनात आलं तिच्या कोन जाने, तिनं राकेलची पेटती चिमनी मांगं सरकवली, थाळी आवाज न करता उचलली अन् दुसऱ्या बाजूनं ठेवली. सरवरीचा हात पहिल्याच जागी गेला. फडक्यावरून इकडे फिरला, तिकडे फिरला. मंग तिनं तो मांडीत ओढून घेतला अन् म्हने, "मले भूक नाही, अम्मा."

युनूसच्या हातातला चिमटा खाली पडला.

"कवापासून?" अख्तरीबीनं विचारलं.

"लय दिवस झाले."

"सांगतलं काहून नाही?"

"तुमी मले परत धाडसान म्हनून."

अख्तरीबीनं थाळी परत तिच्यापुढं सरकवली. "मी तुले जपून राह्यली होती वं बेटा," म्हने. अन् ते खरं होतं, म्हनूनच आयकवत नव्हतं.

तवा बुडी उठून तिच्याजवळ गेली. "लतीफा कशानं मेली ते मले माहीत नाही, अख्तरी. दाईलेही माहीत नव्हतं, तिनं उगाच तोंड चालवलं. पन हे कशानं झालं ते तुले अन् मले, दोघीईलेही दिसून राह्यलं."

अख्तरीबी उठली. कनगीमांगं हात घालून तिनं ते ताट ओढून काढलं. हिरवं पडलं होतं सारं. ते तिनं पोरापुढं ठेवलं. "भाता लाव."

"आत्ता?" युनूस म्हने.

"आत्ता."

आंगनात विस्तव पेटला. बापलेकानं ताट घासलं, तापवलं, नवसागराचा धूर डोळ्यात गेला, अन् कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं तसं ताट पांढरं लख्ख झालं. रज्जाकमियाँ तोंड फिरवून डोळे पुसून राह्यले होते, धुरानं का कशानं ते त्याईचं त्याईले माहीत. अख्तरीबीनं तवर बुडीच्या टोपल्यातला चवळीचा पाला दाळीत टाकून शिजवला. ताटात पुरी भाकर कुस्करली. सुनेचा हात धरून ताटाच्या काठावर ठेवला अन् म्हने, "लतीफा इकून बसत होती. तू इकूनच खा." त्या सांजेले सारं घर एका दस्तरखानावर जेवलं.

तुमाले वाटन, झालं, मिटलं. काय मिटलं? खरं भेव तर मंग सुरू झालं. पाला झाला, कोहळं झालं, युनूस बाजारातून कलेजी आने, सरवरीच्या गालावर रंग आला, अन् पोटही वाढून राह्यलं. अख्तरीबी वाढे अन् बुडीले रोज विचारे, "जास्त तर नाही झालं?" एक दिवस तिनं साफ सांगतलं, "प्रयाग, हिले काही झालं तर मी तुह्या दारात येऊन जीव देईन." बुडी हसली नाही. साऱ्या गावाले जेव जेव म्हननारी बाई, पन तिच्याच ताटात भाकर तशीच राहाले लागली. मी वाढो अन् तिनं नुसतं चिवडत बसावं.

सरवरीले कळा लागल्या त्या पहाटेपासून. दाई तीच, गावात दुसरी होतीच कोन? आमी आंगनात बसलो. अख्तरीबी अन् बुडी समोरासमोर. उन्हं चढली, उन्हं कलली. मंग आतून सरवरीचा आवाज येनं बंद झालं. दाईनं दारातून मुंडकं काढलं, म्हने, "लेकरू मोठं आहे."

अख्तरीबीनं बुडीकडे पाह्यलं. तसं पाहनं माह्या वैऱ्याच्याही नशिबी येऊ नये. बुडी जागची हलली नाही, नजर खाली केली नाही. तिचा हात तेवढा माह्या हातात होता, अन् तो थंडगार पडला होता.

आतून दाई वरडली, "दम धर पोरी, आहे तुह्या आंगात दम." दिवस बुडला. अख्तरीबीनं चिमनी पेटवली, कोनीतरी पेटवालेच पाहिजे म्हनून. अन् तवाच लेकरू रडलं.

दाईनं पोरगी झाली म्हनून सांगतलं. अख्तरीबीनं नातीकडे पाह्यलंही नाही. चिमनी घेऊन दारापर्यंत गेली, पन पुढं तिचा पायच उचलेना. लतीफाही तिथंच निजली होती, त्याच बाजेवर. सरवरीनं पडल्या पडल्या मान वळवली अन् चिमनीच्या तेवढ्याशा उजेडात सासूच्या तोंडाकडे पाहत राह्यली.

"अम्मा, तोंड कसं सुकलं तुमचं," म्हने. "सकाळपासून जेवल्या नाही का?"

अख्तरीबी उंबरठ्यावरच बसली. तिच्या हातातली चिमनी बुडीनं घेतली, नाहीतर पडली असती. लतीफाच्या मौतीले ती रडली नव्हती म्हनतात. ते सारं तवा निघालं. मंग नाक पुसून तिनं युनूसले हाक मारली, "ताट आन."

सून बाजेवर पडून, सासू खाली बसून, दोघी त्या एका ताटात जेवल्या. दुधात भिजवलेली भाकर होती. अख्तरीबी एक घास सुनेले भरवे अन् एक आपन खाये. तिकडे लेकरू रडून रडून लाल झालं होतं. बुडीनं त्याले पदरात घेतलं अन् म्हने, "रड थोडं. तुह्या मायले जेवू दे."