आमच्या काकांचा सत्कारमूर्ती

जगातले सगळे नियम पाळायचे आणि फक्त एका माणसासाठी सगळ्या जगाशी भांडायचं, तेही नियमातच राहून, असं आयुष्य आमच्या शेजारच्या काकांखेरीज दुसऱ्या कोणी काढलं असेल असं मला वाटत नाही. अमेरिकेतल्या कॅरी शहरापासून तासाभरावर असलेल्या आमच्या लहानशा गावात काका भूलतज्ज्ञ म्हणून आले तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. आता ते निवृत्त आहेत. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी स्टॉपच्या पाटीपाशी ते गाडी पूर्ण थांबवतात, मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ म्हणतात आणि मगच निघतात. मागून कोणी हॉर्न वाजवला तर पुन्हा एकपासून सुरुवात. वाचनालयाचं पुस्तक मुदतीच्या आदल्या दिवशी परत जातं, मग खुनी कोण हे कळायला चार पानं उरलेली का असेनात.

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एकदा ते मोदकस्पर्धेचे परीक्षक होते. ताटल्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे होते. काकांनी पाच नंबरच्या ताटलीला पहिलं बक्षीस दिलं आणि ते मोदक काकूंचे निघाले. टाळ्या चालू असतानाच काका माइकपाशी गेले. ‘कळ्या बघूनच मी हे मोदक ओळखले होते. खोटं कशाला बोलू? बक्षीस परत घ्या आणि मला परीक्षक म्हणून पुन्हा कधीही बोलावू नका.’ मंडळी हसत सुटली, पण काकांनी अध्यक्षांकडून तसं लेखी घेतलंच. काकू पुढे पंधरा दिवस त्यांच्यावर रुसून होत्या. ‘अहो, मोदक चांगले झाले होते की नव्हते, तेवढंच सांगा ना!’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अशा माणसाचं दैवत कोण असावं? बेसबॉलमधून कायमचा हाकलून दिलेला एक खेळाडू! तो आमच्याच गावचा. एकेकाळी गावातल्या प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो होता. पुढे त्याने स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैजा लावल्याचं उघडकीला आलं, आजीवन बंदी आली आणि फोटो उतरले. काका नवे असताना ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे याच्याविषयीच बोलायचे आणि काकांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मग त्यांनी रेडिओ घेतला आणि वही घेऊन ते रोज संध्याकाळी त्याच्यापुढे बसू लागले. त्या खेळाडूचा एकेक फटका त्यांनी देवनागरी आकड्यांत टिपला आहे. ‘अरे, मला या देशात बोलायला विषय दिला तो या माणसानं,’ ते मला म्हणाले होते. पैजांचं काय, असं मी विचारलं, तेव्हा त्यांचा आवाज चढला. ‘वाईटच केलं! शिक्षा झाली, योग्यच झाली. पण म्हणून मारलेले फटके न मारलेले होतात का?’

शाळेमागच्या मैदानाला त्याचं नाव द्यावं, ही काकांची मागणी. मागणीला घाईही होती, कारण तो आता ऐंशीच्या पुढे गेला होता आणि त्याच्या हयातीत ती पाटी लागायला हवी होती. ‘मेल्यावर काय, सगळेच हार घालतात,’ असं ते म्हणत. त्यासाठी ते दर महिन्याला गावच्या कौन्सिलच्या सभेला टाय लावून जात. तिथे नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात आणि मग लाल दिवा लागतो. दिवा लागला की काका शब्द अर्धा टाकून खाली बसत आणि पुढच्या महिन्यात नेमकं तिथूनच सुरू करत. एकदा ते ‘अँड देअरफोर’ म्हणून बसले आणि पुढची सभा वादळामुळे रद्द झाली. गावाला ‘देअरफोर’च्या पुढचं ऐकायला दोन महिने लागले. काकूंचं मत असं की, यांनी जन्मभर माणसं सुईने झोपवली आणि आता नुसत्या बोलण्याने झोपवतात.

गेल्या उन्हाळ्यात एकदाचं मतदान झालं आणि ठराव एका मताने पडला. आठवड्याने काका मंडळाच्या अध्यक्षाकडे गेले. तो पुण्याचा, आयटीतला तरुण मुलगा. ‘गाव करत नाही तर आपण त्याचा सत्कार करू,’ काका म्हणाले. तो बिचारा गांगरला. ‘काका, बॅन झालेल्या माणसाचा सत्कार? फार कॉन्ट्रोव्हर्शियल होईल हो. पुढच्या वर्षी बघूया का?’ काकांनी पुढच्या वर्षाची वाट पाहिली नाही. दोन तासांवरच्या एका मॉलमध्ये तो खेळाडू चाहत्यांना सह्या द्यायला येणार असल्याचं त्यांनी शोधून काढलं आणि एका शनिवारी आम्ही तिघं निघालो. मागच्या सीटवर काकू, त्यांच्या मांडीवर शाल आणि शेंडी राखलेला नारळ. वाटेतल्या प्रत्येक स्टॉपला ‘एक, दोन, तीन’ होतंच.

रांग मोठी होती. टेबलामागे एक थकलेला म्हातारा मान खाली घालून बसला होता. समोर आलेली वस्तू घ्यायची, सही करायची, परत द्यायची. काकांची पाळी आली. म्हाताऱ्याने न बघताच हात पुढे केला, काकांनी त्यात भक्तिभावाने नारळ ठेवला आणि त्याने त्यावरही झोकात सही ठोकली. मग हाताला शेंडी लागल्यावर त्याने वर पाहिलं.

‘नो सर, नॉट फॉर साइनिंग,’ काका घाईघाईने म्हणाले. ‘धिस इज फॉर यू. यू टेक इट होम.’

‘घरी नेऊन याचं काय करायचं?’ त्याने इंग्रजीत विचारलं.

काका गडबडले. ‘नथिंग, सर. आमच्यात मान देतात तो असा.’ आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली. एक टोक घसरलं, ते काकूंनी सावरलं. म्हातारा थोडा वेळ त्या शालीवरून हात फिरवत बसला. मग तुम्ही कुठले, असं त्याने विचारलं. काकांनी गावाचं नाव सांगताच त्याचा चेहरा बदलला.

‘त्या मैदानाचं मी ऐकलं होतं,’ तो हळूच म्हणाला. ‘लावली का त्यांनी माझ्या नावाची पाटी?’

मागचे लोक ताटकळले होते. मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी जमिनीकडे.

‘येस, सर,’ काका म्हणाले. ‘व्हेरी बिग बोर्ड.’

म्हातारा हसला. नारळ त्याने सह्यांच्या चेंडूंमध्ये न ठेवता मांडीवर घेतला.

परतताना गाडी मी चालवली. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, ‘मी खोटं बोललो.’ मग मागून काकू म्हणाल्या, ‘चांगलं बोललात.’

आता काका पुन्हा दर महिन्याला सभेला जातात. तिथे ते आता त्या खेळाडूच्या विक्रमांबद्दल फारसं बोलत नाहीत. आपण त्याला काय सांगून आलो ते कबूल करतात आणि ते खरं करून द्या, अशी विनंती करतात. परवा दोन मेंबर चष्मे पुसताना दिसले, पण फेरमतदानाला वसंत उजाडेल म्हणतात. तोवर म्हातारा टिकायला हवा. काकू आजकाल सकाळचा पेपर काकांच्या हाती लगेच देत नाहीत. आधी स्वतः क्रीडा पान उघडतात, वरपासून खालपर्यंत बोट फिरवतात आणि मग हाक मारतात, ‘अहो, या, आज काही नाही.’