अंड्यांच्या गाडीला दातांचं दार

खटपट्याचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळी गल्ली त्याला खटपट्याच म्हणायची आणि बायकोसुद्धा माहेरी फोन करताना "आमचे खटपटे" असाच उल्लेख करायची. धंदा अंड्यांचा. सकाळी पोल्ट्रीवर जाऊन ट्रे भरून घ्यायचे आणि बेकऱ्या, कॅन्टीन, खानावळी असं वाटत फिरायचं. त्यासाठी एक व्हॅन होती. घेतली तेव्हाच ती उतारवयाला लागलेली होती आणि पुढचं तिचं सगळं म्हातारपण खटपट्याने स्वतःच्या हातांनी काढलं होतं.

जी गोष्ट पान्याने उघडते तिच्यासाठी गॅरेजची पायरी चढायची नाही, हा त्याचा बाणा. त्यामागे कारणही होतं. त्याच्या मेव्हण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं, मोठं गॅरेज होतं. काचेची केबिन, फिरती खुर्ची, भिंतीवर टायरच्या आकाराचं घड्याळ. एकदा गाडीतून कुरकुर ऐकू येते म्हणून खटपट्या तिथे गेला, तर मेव्हण्याने खिशातले हातसुद्धा बाहेर न काढता सांगितलं, की भाऊजी, ही गाडी आता दुरुस्त करायची नसते, हिला निरोप द्यायचा असतो. खटपट्याने चहा घेतला, गाडी घरी आणली आणि मागचं दार उघडलं. ट्रेंच्या मागून पोल्ट्रीवरची एक कोंबडी कुरकुरत बाहेर आली. त्या दिवसापासून त्याने गॅरेजचं नाव टाकलं.

तेव्हापासून गाडीला जे काही लागेल ते जुन्या बाजारातून यायचं. जुन्या बाजारात सगळं मिळतं, फक्त आपल्या गाडीचं मिळत नाही. त्यामुळे वायपर बसचा होता. तो काच पुसून पुढे सरकायचा आणि फुटपाथवरून चाललेल्या माणसाच्या अंगावर पाणी उडवून परत यायचा. ड्रायव्हरची सीट एका बंद पडलेल्या थिएटरची होती. खटपट्या उठला की ती फाडकन मिटायची, आणि तो परत बसायला गेला की तिला आधी हाताने खाली धरायला लागायचं. हॉर्न आइस्क्रीमच्या गाडीचा होता. पोरं धावत यायची, आत अंडी बघायची आणि तोंड पाडून परत जायची. खटपट्याला या कशाचंच वाईट वाटत नसे. गाडी चालते ना, एवढंच तो म्हणायचा.

एके सकाळी बेकरीच्या दारात त्याने व्हॅनचं बाजूचं सरकतं दार नेहमीसारखं ओढलं, तर ते सरकायच्या ऐवजी सरळ त्याच्या हातात आलं. दाराची खालची कड गंजून पार भुगा झाली होती. खटपट्या ते दार छातीशी धरून उभा राहिला. बेकरीवाल्याने बाहेर येऊन विचारलं, की आज अंड्यांबरोबर दारही उतरवणार का. मग दोघांनी मिळून ते आत आडवं टाकलं आणि उघड्या जागेवर खटपट्याने घरून आणलेली चादर बांधली. फुलाफुलांची चादर फडफडवत गाडी दिवसभर फिरली. संध्याकाळी बायकोने चादर ओळखली. तिने नुसतं खटपट्याकडे बघितलं. दार आणायलाच हवं, हे खटपट्याला त्या बघण्यातच समजलं.

जुन्या बाजाराच्या टोकाला काकूंचं दुकान होतं. काकू ट्रकच्या सीटवर मांडी घालून बसायच्या, मागे गिअरबॉक्सांचा डोंगर आणि डोक्यावर दोरीला टांगलेले आरसे. त्यांची विकायची पद्धत वेगळी होती. पूर्वी त्या लग्नं जमवायच्या, ती सवय जिभेवरून गेली नव्हती. खटपट्याने दार हवंय म्हटल्यावर त्यांनी आधी गाडीचं वय, रंग आणि स्वभाव विचारला. मग त्या उठल्या आणि पत्र्यांच्या थप्पीमागून एक पांढरंशुभ्र दार ओढून काढलं.

"चांगल्या घरचं आहे," त्या म्हणाल्या. "एकाच ठिकाणी नांदलं. गाडी पुढून ठोकली गेली, याला ओरखडासुद्धा नाही. माणसं शिकलेली होती."

ते दार दातांच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीचं होतं. त्यावर जवळजवळ माणसाच्या उंचीचा एक हसरा दात काढलेला होता आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'न दुखता दात काढून मिळतील. आत या.'

खटपट्याने खिशातून बायकोची शिवणाची टेप काढली. उंची जमली, रुंदी जमली, कडीसुद्धा जागेवर येत होती. एवढा योग त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच येत होता, त्यामुळे दाताकडे त्याने काणाडोळा केला. घासाघीस झाली. काकूंनी एवढंच ऐकवलं, की इतकी गुणी वस्तू पडत्या भावात देताना आपल्याला रडू येतं, आणि न रडता दार दोरीने बांधून दिलं. वर सरकायची चाकं फुकट दिली. ती कुठल्या तरी बँकेच्या खिडकीची होती.

दार बसवायचा कार्यक्रम घराच्या अंगणात झाला. बायकोने खालून उचलून धरलं, खटपट्याने वरची चाकं पट्टीत घातली आणि सासूबाईंनी खुर्चीवर बसून सूचना दिल्या. सासूबाईंना गाड्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आपला मुलगा गॅरेजवाला आहे म्हटल्यावर बोलण्याचा हक्क आपल्याकडे आपोआप येतो, असं त्यांचं ठाम मत होतं. दार तीनदा बोटावर पडलं, त्यातलं एकदा बायकोच्या. पण शेवटी ते पट्टीत बसलं आणि खटपट्याने एका बोटाने ढकलल्यावर लोण्यातून सुरी जावी तसं सरकलं. त्या गाडीत आजवर कुठलीच गोष्ट इतकी मुकाट्याने झाली नव्हती.

"आता यावर रंग मारा," बायको म्हणाली.

खटपट्या मारतो म्हणाला. मारणारही होता. पण घरात रंग होता तो खिडक्यांना लावून उरलेला, डब्याच्या तळाशी, आणि तेवढ्यात एवढा मोठा दात झाकणार नव्हता. शिवाय त्याच आठवड्यात त्याने काकूंकडून ब्रेकचे पॅडही आणले होते आणि ते बसवायचं जास्त घाईचं होतं. पॅडही छान बसले. जरा जास्तच छान. पाय नुसता टेकवला तरी गाडी जागच्या जागी खिळायची.

गाडी नव्या दारासह रस्त्यावर आली आणि खटपट्याच्या लक्षात आलं, की शहरात कितीतरी माणसं दात दुखत असताना नुसतीच हिंडत असतात. सिग्नलला थांबलं की कुणीतरी गालावर हात धरून काचेवर टकटक करायचं. एका बाईने मुलीच्या दातांना तारा बसवायच्या कधी, ते विचारलं. बँकेच्या रखवालदाराने भर रस्त्यात आ करून दाखवला. खटपट्या प्रत्येकाला सांगायचा, की मी अंड्यांचा माणूस आहे. लोकांना वाटायचं डॉक्टर टाळतोय. एकाने तर बरं बरं म्हणून डोळा मारला.

अशात एका दुपारी तो सरकारी कॅन्टीनमध्ये ट्रे पोचवून आला, सीट हाताने खाली धरून बसला आणि गाडी सुरू केली. दार त्याने उघडंच ठेवलं होतं, येताना लोटून घेतलं. आत बघायची त्याची पद्धत नव्हती. गाडी मोठ्या रस्त्याला लागली तशी मागून शांत आवाज आला.

"डॉक्टर, सुई आधी देता का थेट ओढता?"

खटपट्याचा पाय ब्रेकवर पडला. गाडी जिथे होती तिथे थांबली, मात्र आतलं बाकी काहीच थांबलं नाही. ट्रे पुढे आले, ट्रेंबरोबर अंडी आली आणि अंड्यांबरोबर पालथ्या क्रेटवर बसलेले एक आजोबाही आले. ते तोंडावर आपटले ते नेमके सीटच्या पाठीवर. थिएटरच्या त्या सीटची गादी जाड होती, म्हणून बरं.

खटपट्याने मागे वळून पाहिलं. डोक्यापासून कंबरेपर्यंत आजोबा पिवळे झाले होते. त्यांनी गालाला बांधलेला मफलर सोडला, तोंडात बोट घातलं, जिभेने सगळीकडे चाचपून पाहिलं. मग तळहातावर एक किडकी दाढ धरून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. ही दाढ म्हणे महिनाभर हलत होती आणि सुनेने कितीही सांगितलं तरी सुईच्या भीतीने ते कुणाकडे गेले नव्हते. ते पोस्टमन होते, आता निवृत्त होते आणि उभ्या जन्मात त्यांना इतकी तत्पर सेवा मिळाली नव्हती.

"कळलंसुद्धा नाही हो," ते म्हणाले. "आणि हे अंड्याचं कशासाठी असतं? रक्त थांबायला?"

खटपट्याने त्यांना पुसलं, पाणी दिलं, घरी सोडलं, सुनेची हात जोडून माफी मागितली. सून ऐकायलाच तयार नव्हती. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि आपल्या भावाची अक्कलदाढ कधी दाखवायला आणू, असं विचारलं.

आजोबांचा मित्रपरिवार दांडगा होता. रोज सकाळी बागेत बाकावर बसून ते पूर्वी पत्रं वाटायचे तशा आता बातम्या वाटायचे. त्यामुळे दोन दिवसांनी खटपट्या दात घासत बाहेर आला तर फाटकापाशी रांग लागलेली. सुजलेले गाल, बांधलेले रुमाल, एकाच्या हातात तर स्वतःची उशी, ब्रेक लागल्यावर डोकं टेकायला. खटपट्याने परोपरीने समजावलं. ही दवाखान्याची गाडी नाही, दार जुन्या बाजारातलं आहे, तो अपघात होता. लोक कौतुकाने माना हलवत होते. एवढा हुशार माणूस आणि किती साधा, असं कुणीतरी मागे पुटपुटलं. बायकोने बाहेर बघितलं आणि सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं, कारण दारात माणसं आली की तिला दुसरं काही सुचतच नसे. आणि रांगेत सगळ्यात पुढे, पदर गालाशी धरून, कोण उभं होतं तर सासूबाई.

"तुम्हीसुद्धा?" खटपट्या हताश होऊन म्हणाला.

"तू कुणाचीही दाढ काढतोस, घरच्यांची तेवढी राहिली," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक बाई तरातरा चालत आल्या. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. त्या रांगेकडे न बघता थेट गाडीपाशी गेल्या आणि त्या हसऱ्या दातासमोर उभ्या राहिल्या. दार त्यांचं होतं. कुणीतरी आपल्या नावावर ब्रेक मारून दात पाडत फिरतंय, ही बातमी त्यांच्या खुर्चीत बसलेल्या पेशंटनेच त्यांना दिली होती. खटपट्याच्या डोळ्यांपुढे पोलीस, कोर्ट, पेपरात फोटो, आणि त्या फोटोखाली एकदाचं छापून आलेलं आपलं खरं नाव असं सगळं तरळून गेलं. त्याने जे झालं ते पहिल्यापासून सांगायला घेतलं, कोंबडीपासून.

डॉक्टरीणबाईंचं ऐकण्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी एका बोटाने दार ढकललं. ते सरकलं. परत ओढलं. परत सरकलं. असं त्यांनी बऱ्याचदा केलं.

"माझ्याकडे असताना हे कधी उघडलंच नाही," त्या म्हणाल्या. "पेशंट खिडकीतून आत यायचे. काय केलंत तुम्ही याला?"

बँकेच्या खिडकीची चाकं, असं खटपट्याने सांगितलं. मग हळूहळू कळलं ते असं, की बाईंच्या नव्या गाडीचंही दार अडकतं आणि ती गाडी एका काचेच्या केबिनवाल्या गॅरेजमध्ये कितीतरी दिवस पडून आहे. तिथल्या माणसाने सांगितलंय, की अख्खी बाजूच बदलावी लागेल. सासूबाईंनी गालावरचा पदर तोंडावर घेतला.

त्यानंतर त्या सकाळी बरंच काही झालं. बाईंनी पिशवीतून बॅटरी काढली आणि अंगणातल्या खुर्चीवर एकेकाला बसवून तपासलं. कुणाला गोळ्या दिल्या, कुणाला दवाखान्यात यायला सांगितलं. उशीवाल्याची दाढ ठणठणीत निघाली, त्याचा कान दुखत होता. सासूबाईंच्या दातात काहीच नव्हतं, शेंगदाण्याचं टरफल होतं, ते निघाल्यावर त्यांना जरा अपमान वाटला. बाईंची अट एकच होती, की दारावरची अक्षरं आजच्या आज जायला हवीत. खटपट्याने तिथल्या तिथे उरलेला रंग काढला. अक्षरं झाकेपर्यंत डबा संपत आला. राहिलेल्यात बायकोने दाताची मुळं आणि डोळे पुसले, वरचा भाग थोडा गोल केला, आणि एक बऱ्यापैकी अंडं तयार झालं. ते अजूनही हसत होतं, कारण तोंडापर्यंत रंग पुरला नाही.

दुपारी खटपट्या काकूंकडून चाकं घेऊन मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये गेला आणि बाईंच्या गाडीचं दार बसवून आला. मेव्हणा केबिनमधून बघत होता. शेवटी बाहेर आला, खिशातले हात बाहेर काढले आणि हलक्या आवाजात विचारलं, की भाऊजी, ही चाकं मिळतात कुठे. खटपट्याला वाटलं होतं, या दिवशी आपण काहीतरी खणखणीत बोलू. पण ऐन वेळी त्याने सरळ काकूंच्या दुकानाचा पत्ता सांगितला, आणि जाताना गाडीचा स्वभाव विचारतील, तयारीने जा, एवढं बजावलं.

आता अंड्यांची गाडी सुखाने फिरते. आजोबा मात्र अजून दुपारी कॅन्टीनपाशी उभे असतात. त्यांच्या खालच्या बाजूची एक दाढ हलायला लागली आहे. डॉक्टरीणबाईंकडे जायला ते तयार नाहीत. खटपट्या त्यांना पुढच्या सीटवर बसवतो, पट्टा लावतो आणि घरापर्यंत अगदी हळू गाडी नेऊन, ब्रेकला पायही न लावता, फाटकाशी सोडतो. आजोबा उतरताना दर वेळी थोडे नाराज असतात.