आठव्या दिवसाचा रकाना

मध्यप्रदेश नुकताच झाला होता. आमच्या रजिस्टरांवर अजून मध्यभारताचेच छापील मथळे होते. ते खोडून आम्ही वर नवं नाव लिहायचो. मी इंदूरला नगरपालिकेत देवी काढणारा होतो. मुलांच्या दंडावर लस टोचायची आणि आठव्या दिवशी परत जाऊन फोड उठला का ते पाहून लिहायचं, हे माझं काम. टोचून घेणं कायद्याने सक्तीचं होतं. मूल दडवणाऱ्या आईबापांना दंड होता. रजिस्टरात खोटं लिहिणाऱ्यालाही शिक्षा होती, पण ते खोटं मी स्वतः सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नव्हतं.

होळीनंतर आठवड्याभरात मी रामबागेकडच्या एका गल्लीत शिरलो. तिथल्या एका घराशी आमचा तीन पिढ्यांचा घरोबा होता. त्यांचे आजोबा आणि माझे आजोबा संस्थानच्या फौजेत एकत्र होते. घरात दहा महिन्यांची मुलगी होती, मित्राची पहिली. मी पेटी उघडली तर काकूंनी, म्हणजे मित्राच्या आईने, हात धरला. त्या दिवशी शीतला सातम होती. आपली सप्तमी खरं तर श्रावणातली, पण माळव्यात राहून आमच्या लोकांनी होळीनंतरचीही घेतली. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं थंड खायचं. अशा दिवशी पोरीच्या अंगाला सुई लावली तर देवी कोपेल, असं काकूंचं म्हणणं. उद्या ये, आता जेवून जा, असं त्या म्हणाल्या.

मी दहीभात आणि कालच्या पुऱ्या खाल्ल्या. ती गल्ली त्याच दिवशी पुरी करून द्यायची होती, म्हणून उठताना मुलीच्या नावापुढे ‘टोचली’ असं लिहून टाकलं. उद्या येणारच आहोत, घरचंच तर आहे. दुसऱ्या दिवशी मला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं आणि मी विसरलो. हे एक वेळ माफ होईल. पण आठव्या दिवशी कचेरीत बसून रकाने भरताना ते नाव समोर आलं, मला सगळं आठवलं, आणि तरीही मी ‘फोड उठला’ असं लिहिलं. पहिली नोंद खोटी आहे हे कबूल करायची लाज वाटली. इतकंच कारण होतं.

तीन आठवड्यांनी त्याच गल्लीत, त्या घराला लागून, एका रंगाऱ्याला देवी आल्याची खबर आली. त्याला साथीच्या इस्पितळात हलवलं, दारावर सूचना चिकटवली. आमच्या डॉक्टरसाहेबांनी रजिस्टर पाहिलं आणि गल्लीतली सगळी मुलं टोचून झालेली आहेत, बरं झालं, असं म्हणून ते मिटलं. मी तिथेच उभा होतो. ते दाराशी पोचल्यावर माझ्या तोंडून निघालं, की त्यातली एक नोंद खोटी आहे.

“एकच?”

“एकच, साहेब.”

“मग अजून इथे काय करतोयस? लस अजूनही वेळेत लागू पडेल.”

बर्फाच्या थर्मासात लस घेऊन सायकलवर गेलो, तर वहिनी, मित्राची बायको, मुलीला घेऊन परवाच सांवेरला माहेरी गेलेली. मी मोटार स्टँड गाठला. त्या बसमधली माझी अवस्था सांगत नाही. थर्मास मांडीवर धरून मी दिवस मोजत होतो.

सांवेरला अंगणात गहू पसरला होता आणि मुलगी त्यात बसून मुठी भरत होती. अंगावर काही नव्हतं, ताप नव्हता. मी वहिनीला सगळं सांगितलं, शेजारच्या रंगाऱ्याचंही.

“म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत, भाऊजी.” ती आवाज न चढवता म्हणाली. मग मुलीला उचललं, झबल्याची बाही वर केली. “आता काढा. बोलायचं ते नंतर बोलू.”

आठव्या दिवशी पुन्हा गेलो. मुलीचं अंग गरम लागलं आणि मी घाईने झबल्याची बाही वर केली. पण दंडावर टपोरा फोड उठला होता, जसा उठायला हवा तसा. ताप त्याचाच होता. तरी धोक्याचे दिवस संपेपर्यंत मी सांवेरला फेऱ्या घातल्या. दुसरं काही उठलं नाही. शेवटच्या फेरीला मी परतीच्या बसमध्ये असा झोपलो की कंडक्टरने इंदूरला हलवून उठवलं. रंगारीही वाचला.

डॉक्टरसाहेबांनी मला लेखी समज दिली. ती माझ्या सेवापुस्तिकेत आहे आणि ती मिळाल्यावर मला हलकं वाटलं. जुनी नोंद खोडू दिली नाही. तिच्याखाली लाल शाईने खरी तारीख लिहून सही करायला लावली.

पण त्याआधी, आठव्या दिवशीच, वहिनीने मला अंगणातून हलू दिलं नव्हतं. रजिस्टर कुठे आहे, तिने विचारलं. ते कचेरीत होतं. मग तिने भावाची वही आणून पुढे ठेवली.

“इथे लिहा. माझ्यासमोर, हात बघून.”

मी मुलीचा दंड पुन्हा एकदा नीट पाहिला आणि लिहिलं. तो कागद तिच्याकडे अजून आहे. दर सातमीला मी रामबागेकडच्या त्या घरी थंड जेवायला जातो, आणि पान वाढताना ती विचारते, “भाऊजी, जेवलात असं आधीच लिहून आला नाहीत ना?” ती मुलगी, आता तिचंही लग्न झालंय, सगळ्यांत मोठ्याने हसते.