वाटेतले तीन तास

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा मी विमानाच्या तिकिटावर बोट ठेवून केला. आमचे हे, नारायण, जाऊन पाच आठवडे झाले. आता कबूल करायला लाज कसली?

ते बोईसरच्या कारखान्यात वेल्डर. ऐंशीच्या सुमारास दुबईला गेले आणि दोन वर्षांनी महिन्याच्या रजेवर घरी, समुद्रकाठच्या नवापूरला आले. मी सातवी पास, त्यामुळे शहाणपण नुसतं उतू जात होतं. धुवायच्या पँटीत तिकीट सापडलं, त्याला वेळांचा कागद टाचलेला. येताना दुबईहून दहाला निघून मुंबईत अडीचला. परत जाताना मुंबईहून नऊला निघून तिथे साडेदहाला. म्हणजे घरी यायला साडेचार तास आणि पळून जायला दीड! मधले तीन तास हा माणूस होता कुठे?

आम्हा किनाऱ्यावरच्या बायकांना ही सवयच. वारा आणि भरती बघून कुठली होडी कधी लागणार ते आम्ही सांगतो. उशीर झाला की समजायचं, दुसऱ्याच बंदरात म्हावरं उतरवून आलेत. मी विमानही त्याच मापाने मोजलं.

“मधी कुठं उतरलात?”

“अगं, विमान मधी थांबत नाय. खाली समुद्र हाय.”

“समुद्र मला शिकवू नका!”

“तिथली घड्याळंच मागं हायत...”

“वा! घड्याळं पण तुमच्याच बाजूची!”

मग त्यांची बॅग तीनदा उपसली. साबणाचा वास घेतला, शर्टाची बटणं तपासली. तुटलेलं एक कुणीतरी नीट शिवलेलं होतं, झालं! उरलेली रजा मी बोलले नाही. निघताना ते उंबऱ्यात थांबले... मी बोंबील वाळत घालत राहिले.

पुढे तारापूरच्या कॉलनीत सुकं म्हावरं विकताना एका गिऱ्हाईकबाईंनी समजावलं, “मावशी, इथे सूर्य उगवतो तेव्हा तिकडे अंधार असतो. घड्याळं दीड तास मागे. जा किंवा या, तीनच तास लागतात.” मी टोपली घेऊन तशीच घरी आले. पत्रात माफी नाही मागितली, फक्त लिहिलं, ‘विमानाचं समजलं.’ उत्तरात त्यांनी बोंबलांची चौकशी केली. त्यानंतर जन्मात कधी तो विषय काढला नाही. मला मात्र नवा संशय लागला: हा माणूस विसरला, की मनात धरून बसलाय? विचारायचं धाडस झालं नाही, आणि माणूसच गेला.

तेराव्याला माहीमचे दामूभाऊ आले. दुबईत दोघे एकाच खोलीत राहायचे. त्यांना मी सगळं सांगितलं. ते खरं बोलले की माझं मन राखलं, याचाही मला संशय आहेच. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते:

“वयनी, दुबईत उतरलो का आमी सगळे घड्याळ मागं करायचो. त्या रजेनंतर नारायणानं कधी केलं नाय. ड्युटीची वेळ रोज बोटांवर मोजायचा, आमी हसायचो. तर बोलायचा, ‘हसा रे. बायकोचा माझ्यावर भरवसा नाय, निदान घड्याळावर तरी राहू दे.’”