अल्काबाईंची बोटं आणि नवी सिस्टीम

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या तहसील कचेरीसमोर अर्ज टाइप करून देणाऱ्यांच्या चार टपऱ्या आहेत. त्यांतली कोपऱ्यावरची, निळ्या पत्र्याची टपरी अल्का रामटेके यांची. वय सत्तावन्न, चष्मा जाड, बोलणं थेट. गेली छत्तीस वर्षं त्या इथंच बसतात. तेवढ्या काळात कितीतरी साहेब आले आणि बदलून गेले; त्यांची नावं अल्काबाईंना आठवत नाहीत, अर्जदारांची मात्र आठवतात.

त्यांची काम करायची रीत बाकीच्या तिघांपेक्षा वेगळी होती. माणूस समोरच्या स्टुलावर बसायचा आणि बोलायला लागायचा. अल्काबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या, मधूनच मान हलवायच्या, एखादा प्रश्न विचारायच्या. खाली बोटं आपली चाललेली. पडद्याकडे नाही, कळांकडे तर मुळीच नाही. माणसाचं बोलणं संपायचं तेव्हा अर्जही संपलेला असायचा. पहिल्यांदा आलेल्याला वाटे, बाई नुसती गप्पा मारते आहे, हिला काम करायचं आहे की नाही!

पण खरी मेख त्या बघण्यातच होती. खेड्यातलं माणूस अर्जात खोटं सांगत नाही, अर्धं सांगतं. राहिलेलं अर्धं त्याच्या चेहऱ्यावर असतं. एकदा केवळराम नावाचा शेतकरी वाटणीचा अर्ज लिहायला आला आणि म्हणाला, भावाची सहमती आहे. अल्काबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "भाऊ बोलते का तुमच्यासंग?" केवळराम जो रडायला लागला, तो थांबेचना. मग तो अर्ज वेगळाच झाला, आणि खरा झाला.

ही विद्या त्यांना गोंदियात मिळाली होती. वडील देवाजी दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी-कापणीला जाणारे. पण पोरगी दहावी झाली तसं त्यांनी तिला एसटीत बसवून टायपिंगच्या क्लासला पाठवलं. आपण हातानं मजुरी केली, पोरीनं बोटांनी करावी, एवढंच त्यांचं म्हणणं. क्लासचे चंद्रकुमार सर मराठी टायपिंग हिंदीतून शिकवायचे. मुलींच्या हातांवर काळं कापड टाकायचे आणि म्हणायचे, "नजर उठाओ, बेटा. उंगली अपना काम जानती है." सहा महिन्यांत अल्काची उंगली खरंच आपलं काम जाणू लागली.

पुढं टाइपरायटर गेला आणि कॉम्प्युटर आला. विकणारा म्हणाला, आता मरेपर्यंत बघायला नको. मग विंडोज अठ्ठ्याण्णव गेलं, एक्सपी आलं. तेही शेवटचंच होतं. मग सेव्हन आलं. दर खेपेला चित्रं बदलायची, बटणं इकडची तिकडं जायची आणि अल्काबाई चार दिवस चिडचिड करून पुन्हा कामाला लागायच्या. कारण एक गोष्ट कोणीच बदलली नव्हती. मराठीचे फॉन्ट त्या टाइपरायटरच्याच कळांवर बसवलेले होते. वरचा संसार कितीही बदलो, बोटांखालचं घर तेच होतं.

या खेपेला मात्र सगळं अंगावर आलं. सरकारी साइट जुन्या सेव्हनवर उघडेनाशा झाल्या. एक उघडायची तर दुसरी नाही, तिसरी अर्ध्यातच अडकायची. लोक कागद घेऊन यायचे, 'ऑनलाइन' हा शब्द ऐकला की अल्काबाईंकडे बघायचे, आणि अल्काबाई त्यांना शेजारच्या टपरीवर पाठवायच्या. आपल्या हातानं आपलं माणूस दुसऱ्याच्या दारात पाठवायचं, आणि तेही दिवसातून सहा वेळा. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांना बोलावंसंही वाटत नसे.

दिवाळीला मुलगा राजदीप पुण्याहून आला. तो कॉम्प्युटरच्याच कामात आहे. त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडून पाहिला, फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाला, "डबा चांगला आहे आई. आतलं बदलू. विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो. फुकट आहे, सगळ्या साइट उघडतीन."

"मराठी?"

"मराठी आहे ना. फक्त कीबोर्ड थोडा वेगळा."

थोडा! मुलं थोडा म्हणतात तेव्हा आईनं सावध व्हावं, हे अल्काबाईंना कळायला हवं होतं. पण सहा वेळा शेजारी पाठवण्याचा शीण मोठा होता. त्या बरं म्हणाल्या. राजदीपनं शहाणपणा एवढा केला की जुनं पुसलं नाही. एका डब्यात दोन्ही बसवली. "महिनाभर वापरून पाय," तो म्हणाला, "मंग सांग, कोणतं ठेवाचं."

तेव्हापासून रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची. तेवढ्यात निवडा, नाहीतर नवं आपोआप सुरू होईल. जुन्या काळच्या सासऱ्यासारखा खाक्या. अल्काबाई हातातली पर्स ठेवायच्या आधीच निर्णय झालेला असायचा.

नव्यावर साइट उघडायच्या, हे खरं. पण बोटं आंधळी झाली. राजदीपनं टाइपरायटरसारखा म्हणून जो कीबोर्ड बसवला होता, तो सारखा होता, तोच नव्हता. जुन्यात पहिली वेलांटी आधी आणि अक्षर मागून. इथं अक्षर आधी, वेलांटी मागून. अर्धी अक्षरं भलत्याच कळांवर जाऊन बसलेली. 'विनंती' हा शब्द त्यांनी आयुष्यात लाखभर वेळा टाइप केला असेल, त्यालाच ठेच लागायची. आणि जुन्यात टाइप करून साइटवर टाकावं, तर तिथं चिन्हांची खिचडी व्हायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अल्काबाई चष्मा पुसून कळांवर वाकायच्या आणि एकेक अक्षर शोधून दाबायच्या.

अशात एका शुक्रवारी रुख्माबाई आली. नागझिऱ्याच्या जंगलाच्या काठावरच्या गावातली बाई, विधवा, दोन बांध्या आणि चार गुरं. अंगभर पदर घेऊन स्टुलावर बसली.

"बिबट आला होता जी. कालवड मारली."

"कोणत्या दिवशी?"

"मंगळवारी पहाटं. फारेष्टवाले येऊन पाऊन गेले. ते म्हणे, भरपाईचा अर्ज कर."

अल्काबाई खाली वाकून 'बि' शोधत होत्या. रुख्माबाई थांबली. "लिवलं का जी?"

"थांब. हां, बोल."

बाई समजूतदार. हिला त्रास होतो आहे हे तिच्या ध्यानात आलं, आणि तीच मग एकेक शब्द सुटा करून देऊ लागली, आजाऱ्याला चमच्यानं पाणी द्यावं तशी. कालवड. दीड. वर्साची. कोठ्यात. बांधली होती. एवढं लिहायला पाऊण तास गेला. "आनखी काई सांगाचं आहे?" अल्काबाईंनी कळांकडे बघतच विचारलं.

रुख्माबाईनं पदर आणखी ओढून घेतला. "काई नाई जी."

अर्ज गेला. पडद्यावर पावतीचा नंबर आला. नव्या सिस्टीमवर पहिला अर्ज स्वतः, कोणाला न विचारता पाठवला, म्हणून अल्काबाईंना त्या दिवशी बरंसुद्धा वाटलं. घरी जाताना त्यांनी चवळीच्या शेंगा घेतल्या.

सोमवारी सकाळी बसस्टँडवरून येताना त्यांना रुख्माबाई दिसली. ती तिरोड्याच्या गाडीत चढत होती. पिशवी दातात धरलेली, डाव्या हातानं दांडा पकडलेला, आणि उजवा हात पदराखाली. पिशवी दातात कोण धरतं? अल्काबाई तशाच पुढं गेल्या आणि तिला पायरीवरून खाली घेतलं.

"हाताले काय झालं?"

"काई नाई."

"दाखव."

कोपरापासून मनगटापर्यंत जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली होती. हळदीनं पिवळी पडलेली, आणि कडेला हात टम्म सुजलेला.

"मंगळवारचंच आहे का हे?"

"कालवड सोडवाले गेली होती," रुख्माबाई म्हणाली. "त्यानं पंजा मारला."

"मंग सांगितलं काऊन नाई? मानसाले लागलं त त्याचं वेगळं असते."

"शेजारचे म्हने, सांगशीन त विचारतीन, तू कायले गेली जनावराच्या पुढं? तुहीच चुकी. मंग कालवडीचंबी देनार नाई." तिनं पट्टीचं टोक आत खोचलं. "सांगाव वाटलं होतं जी मले. पन तुमी कामात होत्या. वर पायलंच नाई."

दोन हातांच्या अंतरावर ती बाई पाऊण तास बसली होती. एकदा मान वर केली असती, तर पदराखाली हात का लपवला आहे हे विचारलं असतं. छत्तीस वर्षं विचारलंच होतं. अल्काबाईंना स्वतःची लाज वाटली, इतकी की तिच्याकडे बघवेना.

आधी तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, अजून दोन दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं म्हणाले आणि कागद लिहून दिला. त्या कागदावर तारीख आजची पडली. मंगळवारची आता कोण कुठून आणणार!

टपरीवर येऊन अल्काबाईंनी कॉम्प्युटर लावला आणि मोजणी संपायच्या आत जुनं दाबलं. "आता बोल, पयल्यापासून," त्या म्हणाल्या. रुख्माबाई बोलली. कालवडीचा हंबरडा कसा ऐकू आला, ती कंदील न घेताच कशी धावली, दाव्याला पकडून ती एकीकडून ओढत होती आणि बिबट दुसरीकडून. अल्काबाई तिच्याकडे बघत होत्या आणि बोटं धावत होती. वीस मिनिटांत अर्ज झाला. असा अर्ज त्यांच्या हातून महिन्याभरात झाला नव्हता.

छापलेला कागद घेऊन दोघी वनविभागाच्या कचेरीत गेल्या. तिथल्या बाबूनं तो पूर्ण वाचला, दोनदा रुख्माबाईच्या हाताकडे पाहिलं. भला माणूस होता. "अल्काबाई, लिवलं त एकदम बराबर," तो म्हणाला, "पन कागद ठेवून मी काय करू? वर जाते ते ऑनलाइनच. यातलं अक्षर न् अक्षर तिथं टाका."

दोघी परत आल्या. अल्काबाईंनी नवं सुरू केलं, तो कागद समोर टेकवला आणि तेच सगळं एकेक कळ शोधून पुन्हा लिहायला घेतलं. दीड तास लागला. तेवढ्यात तीन माणसं आली, थोडी थांबली आणि शेजारी गेली. रुख्माबाई भिंतीला टेकून झोपून गेली. अर्ज गेल्यावर त्यांनी तिला उठवलं.

"भेटन का जी?"

"मालूम नाई. तारखेचं विचारतीन. विचारलं त मी येईन तुह्यासंग."

संध्याकाळी राजदीपचा फोन आला. महिना झाला होता. "काय ठरवलं आई?"

"जुनं काढून टाक."

राजदीप गोंधळला. त्याला उलटं उत्तर अपेक्षित होतं. "दोन्ही राहू दे ना. डब्यात जागा आहे."

"दोन्ही राहिलं त हात जुन्याकडंच जाते. जुन्यात चांगलं लिवाचं आन् नव्यात पुन्हा कुटाचं, एवढं आंग नाई राहिलं माह्यात. आन् जुन्यातलं कुठी जातच नाई. काढ."

"एकदा काढलं त वापस येनार नाई."

"मालूम आहे."

त्यानं पुण्यात बसून ते काढलं. अल्काबाई समोर बसून पाहत होत्या. बाण आपोआप फिरत होता, चौकटी उघडत-मिटत होत्या. पाच मिनिटांचं काम. त्यांनी टपरीचं शटर ओढलं आणि रोजच्यापेक्षा सावकाश चालत घरी गेल्या. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. नुसता थकवा होता.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरनं काही विचारलं नाही. साडेदहाला मंजू नावाची एक तरुण बाई आली, कडेवर लेकरू. रेशनकार्डातलं नाव कमी करायचं होतं. कोणाचं ते तिनं सांगितलं नाही. स्टुलावर बसून ती घाईघाईनं बोलू लागली. अल्काबाईंचे हात सवयीनं कळांवर गेले. मग त्यांनी ते उचलून मांडीवर ठेवले आणि एकात एक अडकवून धरले. बोटांना काही सुचेना; माणूस बोलतो आहे आणि आपण रिकाम्या, असं त्यांना कधी झालं नव्हतं. यापुढं आधी ऐकायचं आणि मग लिहायचं. म्हणजे दिवसाला वीस माणसं होत ती आठ होतील. बाकीची बारा शेजारी जातील.

मंजू बोलता बोलता थांबली. तिनं मांडीवरच्या हातांकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे.

"लिवून नाई राहिल्या का जी?"

"आयकून राहिली," अल्काबाई म्हणाल्या. "तू बोल."